डाव्या अंगाची कडी

१२ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. हे पत्र मी लिहिते आहे हे तुमच्या भावाला माहीत नाही. तो छपरावर कौलं बदलतो आहे आणि मी शिडी धरल्याशिवाय त्याला उतरता येत नाही. तेव्हा हे पान भरेपर्यंत मला निवांत वेळ आहे.

फोन करून पाहिला. तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर दुसऱ्याच वाक्याला माझं बोलणं तोडता. पत्राचं बरं असतं, मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही फाडणार नाही. दवाखान्यात नर्स म्हणून रुग्णांचे कागद सांभाळण्यात तुमचा जन्म गेला, कागद फाडायला तुमचा हात उचलायचा नाही.

बातमी अशी, की ज्या घराला तुम्ही कोंबड्यांचं खुराडं म्हणालात, त्या घरात आम्ही राहायला आलो. तुम्ही बघितलं तेव्हा मागच्या खोलीतून आकाश दिसत होतं, आता दिसत नाही. ते भोक तुमच्या भावाने स्वतः बुजवलं. गवंडी नाही, सुतार नाही. फक्त वायरमन येऊन गेला, कारण विजेपुढे ताठा दाखवू नये एवढं शहाणपण आम्हा दोघांत मिळून आहे.

माणसं का लावत नाही, असं शेजारचे काका विचारतात. त्यांना काय सांगू? घर दाखवायला तुम्हाला आणलं त्या दिवशी विकणाऱ्या माणसासमोर आणि निम्म्या गल्लीसमोर तुम्ही म्हणालात, “तुला साधी पेन्सिल धड धरता येत नव्हती. तू काय दिवे लावणार या घरात?” त्यावर हा म्हणाला, “घर उभं राहीपर्यंत तू इथे येऊ नकोस.” तुम्ही पिशवी उचललीत आणि चालू लागलात. तेव्हापासून तुम्ही तिकडे फुगलेल्या आणि हा इकडे फुगलेला. आई गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत, म्हणून फुगण्याची तऱ्हासुद्धा हुबेहूब तीच. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्याचं हातोडीशी अजून जमत नाही, हे मी लपवत नाही. उजव्या हाताने घाव घालतो आणि तो डाव्या अंगठ्यावर बसतो. अंगठा निळा झालाय. पण कौलं बसली. एकेक कौल मी खालून दिलं आणि त्याने वर लावलं. त्यातली चार फुटली आणि त्या चारांवरून आमचं भांडण झालं, ते मिटलंसुद्धा. मी शिवणकाम करणारी बाई, मला उसवून पुन्हा शिवायची सवय आहे.

वरून हाका येताहेत. आता उतरवते त्याला.

तुमची भावजय


६ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनची वाट बघितली.

परवा धो धो पाऊस झाला, अवेळी. आम्ही दोघं मागच्या खोलीत खुर्च्या टाकून छताकडे बघत बसलो. माणसं नाटक बघायला बसतात तसं आम्ही न गळणारं छप्पर बघत होतो. थेंब नाही. तुमचा भाऊ म्हणाला, “चहा कर.” मी म्हटलं, “तू कर, मी बघते आहे.” त्याने खरंच केला, आणि पुन्हा येऊन बसला. असा अभिमान मला माझ्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

स्वयंपाकघरातली फरशीही झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमचं खरोखरच वाकडं होतं. वाटाणा जमिनीवर ठेवला की घरंगळत मोरीपर्यंत जायचा. सगळी फरशी उखडली, खाली भर घातली, पाणसळ ठेवून ठेवून एकेक फरशी बसवली. मापं माझी, बसवणं त्याचं. आता वाटाणा जिथे ठेवाल तिथे बसतो. शेजारच्या काकांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, “वाटाणा बरा आहे.” खवचट आहेत, तुमचं त्यांच्याशी जमेल.

आता एक काम आहे तुमच्याकडे, आणि ते भावजय म्हणून नाही, पेशंटची नातेवाईक म्हणून विचारते. पुढच्या खोलीच्या भिंतीचा जुना रंग खरवडून काढताना त्याचं उजवं मनगट दुखावलंय. सुजलं आहे. बोटं हलतात, पण पिळायला गेला की कळ येते. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतो, जाईन. तुम्हाला त्याचं ‘जाईन’ माहीत आहे. काय करायचं ते कळवा. त्याच्याशी बोलू नका हवं तर, मनगटाशी बोला.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. “आधी हाड मोडलं नाही याची खात्री करून घ्या. थंड शेक, मनगट बांधून ठेवणे, आठ दिवस हात पूर्ण बंद.” एवढंच. वर नाव नाही, खाली आशीर्वाद नाही. तरी कार्ड आलं म्हणून मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली, नव्या सपाट फरशीवर. ते त्याला दाखवलं. त्याने अक्षर ओळखलं, कार्ड उलटं करून पाठ बघितली, माझ्या हातात दिलं आणि शर्ट घालून डॉक्टरकडे गेला. हाड शाबूत आहे.

आता पुढचं ऐका.

आठ दिवस हात बंद. मी शिवणाच्या दुकानात कामाला जात होते आणि हा रजा टाकून घरी. चौथ्या-पाचव्या दिवशी मी संध्याकाळी परत आले, तर पुढच्या खोलीची अर्धी भिंत गिलावा करून तयार. मी आधी भिंतीवरून हात फिरवला, कापडावरून फिरवते तसा. कुठे सुरकुती नाही, उंचवटा नाही. कोपऱ्यात ओळंबा सोडून बघितला, दोरी भिंतीला शेवटपर्यंत चिकटून.

म्हटलं, “गवंडी आणलास ना? मला न सांगता?”

“नाही.”

“मग हे कोणी केलं?”

“मी. उजवा बांधलेला होता, म्हणून डाव्याने केलं.”

मी त्याला पुन्हा करायला लावलं, माझ्या डोळ्यांदेखत. त्याने डाव्या हातात थापी घेतली, माल उचलला आणि भिंतीवर ओढला. वन्सं, इतकी वर्षं मी या माणसाला बघते आहे. चहा सांडणारा, पिशवीचा बंद तोडणारा, कुलपात किल्ली उलटी घालणारा माणूस. आणि हा कोण होता? मी खिळा आणि हातोडी आणली. म्हटलं, याच हाताने ठोक. दोन घावांत खिळा सरळ आत. तो हसला. मग आणखी एक ठोकला, मग आणखी एक. गरज नसलेले सात-आठ खिळे ठोकले त्याने आणि मी ठोकू दिले.

मग तिथेच खाली बसला आणि सांगायला लागला. शाळेत जायला लागला तेव्हा तुम्ही रुमालाने त्याचा डावा हात चड्डीच्या पट्ट्याला बांधायचात. जेवताना बांधलेला, लिहिताना बांधलेला. सुटणारही नाही आणि रुतणारही नाही अशी गाठ. वर्षभराने रुमालाची गरज उरली नाही.

मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही. ज्या हाताला काम येत होतं तो बांधून ठेवलात, ज्याला येत नव्हतं त्याला कामाला लावलंत, आणि वर जन्मभर त्याला धांदरट म्हणालात. पेन्सिल धड धरता येत नव्हती म्हणे. ज्या हातात यायला हवी होती त्या हातात दिली होतीत का?

मनगट बरं आहे.

भावजय


१७ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. पाकिटात घातलेलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून वाचलं.

तुम्ही लिहिलंत ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचं आहे. “शाळेतले मास्तर डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांची बोटं पुढे करायला लावून त्यांवर पट्टी उभी मारायचे. ती कशी लागते ते मला माहीत होतं. आई नुकतीच गेली होती. मास्तर बदलणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून हात बदलला. रुमाल मऊ बघून घेतला होता. रोज धुवायचे.”

तुम्ही त्याच शाळेत होतात, डोळ्यांनी बघितलं असणार. माझा राग उतरला. सगळा नाही, थोडा ठेवला आहे, कारण धांदरट म्हणायचं कारण अजून तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्या ‘रोज धुवायचे’पाशी मला पुढचं दिसेना.

आता हे त्याला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तुमचं नाव काढलं की त्याला बाहेर काहीतरी काम आठवतं. म्हणून मी तो छताला रंग द्यायला शिडीवर चढेपर्यंत थांबले. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात डबा, आणि शिडी माझ्या ताब्यात. मग पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं.

त्याने मध्ये एकदा “पुरे” म्हटलं. मी म्हटलं, “मी शिडी सोडीन.” मग ऐकलं.

वाचून झाल्यावर बराच वेळ तो छताचा एकच तुकडा रंगवत राहिला. तिथे आता बाकी छतापेक्षा जाड रंग आहे, आलात की दाखवीन. मग म्हणाला, “रुमालाला निळी कड होती.”

मी म्हटलं, “मग लिहू का ताईंना, या म्हणून?”

म्हणाला, “घर कुठे झालंय अजून.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण वन्सं, हे ‘नको’ नव्हतं. मला त्याचं ‘नको’ चांगलं ओळखता येतं.

मनगट पूर्ण बरं झालं आहे, तरी तो काम डाव्यानेच करतो. पुढची खोली संपली. भिंती मोतिया रंगाच्या केल्या, रंग माझ्या पसंतीचा. दुकानातल्या बायका बघायला आल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “तुमच्याकडचा रंगारी कोण?” मी म्हटलं, “तो काय, चहा आणतोय तो.”

तुमची भावजय


२२ मे

वन्सं,

दोन महिने पत्र नाही, कारण आम्ही दारांत अडकलो होतो.

या घराची सगळी दारं कुजलेली होती, चौकटींचं लाकूडही बिजागऱ्यांपाशी भुसा झालेलं. म्हणून सगळी उतरवायची, चांगलं लाकूड तेवढं ठेवायचं आणि बाकी नवं घालायचं असं ठरलं. रोज मी दुकानातून येईपर्यंत एखादं दार तासून, रंधा मारून, घासून लागलेलं असायचं. मग कपाटं. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याखालचे कप्पे. मग फाटक. तुमचा भाऊ वेडा झाला होता, आणि मी त्याला आवरलं नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला आपले हात सापडले तर त्याला आवरायचं कसं?

पहिलं दार उघडताना माझा हात अडखळला. म्हटलं, एखादं उलटं लागलं असेल. दुसऱ्यालाही तेच. कपाट उघडायला गेले तर दार माझ्याच तोंडावर आलं. ओट्याशी भांडी घासली आणि उजवीकडे ठेवायला गेले तर तिथे नळ, ठेवायची जागा डावीकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला हाक मारली आणि घरभर फिरवलं. एकूणएक कडी डाव्या अंगाला. बोल्ट डावीकडे सरकतात. जिन्याचा कठडा चढताना डाव्या हाताला येतो. फाटकसुद्धा.

“हे काय केलंस?”

तो एकेका दारापाशी जाऊन बघत होता. मग खरोखरच गोंधळून म्हणाला, “मी काही ठरवून नाही केलं. हाताला जसं बरं वाटलं तसं लावत गेलो.” थोड्या वेळाने म्हणाला, “मला वाटायचं, कुठलंही दार उघडताना सगळ्यांनाच माझ्यासारखं आडवं व्हावं लागतं.”

आता सांगा, यावर माणसाने रागवायचं कसं?

तर असं आमचं घर आहे. सुरेख आहे, हे मी छाती पुढे काढून सांगते. एक दार कुरकुरत नाही, एक फट नाही. फक्त आरशात बघून बांधल्यासारखं आहे. जो येतो तो धडपडतो. शेजारचे काका रोज आमच्या फाटकाशी दोनदा झटापट करतात आणि मग कुंपणावरूनच बोलतात. पोस्टमन आता पत्र आत टाकत नाही, नुसता ओरडतो. माझी कोपरं काळीनिळी झाली आहेत. तो म्हणाला, “तुझ्यासाठी सगळी बदलून देतो.” आणि बदलेल तो. पण मी म्हटलं, घाई नाही, आधी कोणीतरी बघू दे.

आता मुद्द्याचं लिहिते. घर झालं आहे, वन्सं. मी सांगते म्हणून झालं. तो मानत नाही, कारण पुढच्या दाराशेजारी किल्ल्या अडकवायचा खिळा ठोकायचा राहिला आहे. एक खिळा. जागेवर पेन्सिलची खूण आहे, खाली खिळा आणि हातोडी ठेवलेली आहे. मी म्हटलं, मी ठोकते. म्हणाला, “राहू दे.”

दोन-तीन दिवस मला त्याचा राग आला आणि मग कळलं. घर उभं राहीपर्यंत येऊ नकोस, असं तो तुम्हाला म्हणाला होता. आता घर पूर्ण झालं आणि तरीही तुम्ही आला नाहीत, तर? त्यापेक्षा एक खिळा राहिलेला बरा. त्याला भीती वाटते आहे आणि ती तो त्या खिळ्यावर टांगून ठेवतो आहे.

काल जेवताना म्हणाला, “वरच्या खोलीत ऊन चांगलं येतं. कोणी आलं तर राहू शकेल.”

मी म्हटलं, “कोण येणार?”

म्हणाला, “कोणीही.”

तुमच्या घराण्यात याला आमंत्रण म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे, मला शिकावं लागलं. या. तुम्ही आला नाहीत तर तो खिळा जन्मभर तसाच राहील आणि मी जन्मभर किल्ल्या शोधत फिरेन.

तुमची भावजय


९ जून

वन्सं,

“शनिवारी येते. दोन दिवस. जेवणाचा घाट घालू नये.” कार्ड मिळालं.

घाट घालणार नाही, पण जेवण असेल. बसथांब्यावर हा घ्यायला येईल. येणार नाही म्हणतो आहे, पण काल त्याने बुटांना पॉलिश केलं. तुमची बस लवकर पोचली आणि चुकामूक झालीच, तर थांब्यासमोरच्या चढाने सरळ वर या, हिरवं फाटक. त्याची कडी डावीकडे आहे. उघडली नाही तर तुमचं काही चुकलं असं समजू नका, ती कोणाच्यानेच उघडत नाही. हाक मारा, मी येईन.

वरच्या खोलीतल्या पलंगाचा पाय तो सकाळपासून तिसऱ्यांदा घट्ट करतो आहे. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही.

तुमची भावजय


२१ जून

वन्सं,

तुम्ही सुखरूप पोचलात, कळलं. आता म्हणाल, दोन दिवस समोरासमोर बसून बोललो, मग पत्र कशाला? कारण दोन दिवसांत जे घडलं ते तुम्ही तुमच्या बाजूने बघितलंत. माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

पहिल्यापासून सांगते. शनिवारी बस लवकर आली आणि चुकामूक झालीच. मी मागे कपडे वाळत घालत होते. आमच्याकडे पाहुणा आला की आधी फाटक खडखडतं, मग शिव्या येतात, मग पुढचं दार हलतं, आणि मग मी जाते. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. फाटक उघडलं, दार उघडलं, सरळ पावलं आत आली. असं बिनआवाजी घरात येणारा माणूस एकच, तुमचा भाऊ, म्हणून मी आतूनच ओरडले, “आल्या का महामाया?”

आणि पुढच्या खोलीत पिशवी हातात घेऊन तुम्ही.

मी इतकी शरमले की दार तुम्ही कसं उघडलंत हे विचारायचं राहूनच गेलं. “आल्या,” असं तुम्ही म्हणालात आणि खुर्चीवर बसलात. तो परत आला तेव्हा दारातच थबकला. मग संध्याकाळभर तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोललात. “तिला सांग, चहा गार होतोय.” “त्याला सांग, मला दिसतोय.” मी निरोप्यासारखी मान इकडेतिकडे करत होते. तुम्ही घर बघितलंत, भिंतीवरून बोट फिरवलंत, ओळंब्याची दोरीसुद्धा मागून घेतलीत. “भिंत बरी आहे,” म्हणालात. तो जिन्याखाली उभा राहून ऐकत होता. तुम्हाला दिसला नसेल. डोळे पुसत होता.

रविवारी सकाळी मी उठून आले तर तुम्ही आधीच स्वयंपाकघरात होतात, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार होते, पण थांबले. तुम्ही कप विसळलात आणि न बघता डावीकडे ठेवलात. वरचं कपाट उघडलंत, तेच जे माझ्या तोंडावर येतं. ते तुमच्या डाव्या हाताबरोबर सरळ बाजूला गेलं. साखरेचा डबा काढलात, झाकण फिरवलंत, चमचा घेतलात, कोपराने कपाट लावलंत. मग सुरी घेऊन भाजी चिरायला लागलात. सगळं डाव्या हाताने, झरझर. मी कपड्यातली माणूस, हात चालतात कसे ते मला कळतं. जेवताना, लिहिताना, पिशवी उचलताना मी तुम्हाला कायम उजव्या हाताने बघत आले, आणि तुमच्या प्रत्येक हालचालीत एक लहानसा थांबा असायचा. मला तो तुमचा रुबाब वाटायचा. त्या सकाळी तो थांबा नव्हता.

‘ती कशी लागते ते मला माहीत होतं.’ ते वाक्य मी माझ्या अक्षरात लिहून काढलं होतं, वन्सं, आणि तरी मला ते वाचता आलं नव्हतं.

माझ्या मागे तो येऊन उभा होता. मी वळून बघितलं. त्याला मी सांगायची गरज नव्हती. हळूच म्हणाला, “तिला कोण होतं रुमाल बांधायला?”

मी खोकले. तुम्ही सुरी पटकन उजव्या हातात घेतलीत.

दुपारी खिळ्याचं झालं. तिथे तुम्ही होतातच, पण तुम्ही खिळ्याकडे बघत होतात आणि मी तुम्हा दोघांकडे. त्याने हातोडी तुमच्यापुढे धरली आणि पहिल्यांदाच सरळ तुमच्याशी बोलला. “ताई, एवढा तू ठोक. म्हणजे घर झालं.”

तुम्ही हातोडी उजव्या हातात घेतलीत. पहिलाच घाव तुमच्या अंगठ्यावर. जानेवारीत त्याच्या अंगठ्यावर ज्या जागी बसायचा, अगदी त्याच जागी. तुम्ही बोट झटकलंत आणि म्हणालात, “माझ्याने असली कामं होत नाहीत, मी धांदरट आहे.” तो शब्द तुम्ही त्याच्यासाठी शोधलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो कोणीतरी आधी तुम्हाला दिलेला होता. माझा उरलेला राग तिथे संपला.

त्याने तुमच्या उजव्या हातातून हातोडी काढून घेतली आणि डाव्या हातात ठेवली. तुम्ही दाराकडे बघितलंत. दार उघडं होतं, बाहेर काका झाडांना पाणी घालत होते. साठी उलटलेल्या तुम्ही, अख्खा वॉर्ड ज्यांना घाबरायचा त्या तुम्ही, हळू आवाजात म्हणालात, “अरे, कोणी बघेल.”

तो म्हणाला, “बघू दे.”

आणि तुम्ही ठोकलात. काकांनी बघितलं आणि म्हणाले, “खिळा बरा आहे.”

तुम्ही गेल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, “चल, कोणत्या दारापासून बदलायची?” मी म्हटलं, ठेव तो. तीन माणसांच्या घरात दोन डावखुरी, बहुमत तुमच्याकडे आहे. माझी कोपरं शिकतील. काल कपाट एकदाही तोंडावर आलं नाही.

खिळ्यावर दोन किल्ल्या टांगल्या आहेत, एक त्याची आणि एक माझी. तिसरी या पाकिटात घातली आहे. दार कसं उघडायचं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची भावजय